कंपालाच्या शेगड्या

कंपालातले रस्त्यावरचे खाणे जागेपेक्षा वेळेला बांधलेले आहे. सकाळी सातला ज्या कोपऱ्यावर काटोगोचे वाफाळते पातेले असते तिथे दहा वाजता नुसती बाकडी उरतात, आणि दुपारभर ओस पडलेल्या वळणावर अंधार पडता पडता कोळशाच्या सात-आठ शेगड्या पेटतात. शाळेत, दवाखान्यात किंवा एखाद्या संस्थेच्या कचेरीत काही महिन्यांसाठी आलेला परदेशी स्वयंसेवक सुरुवातीला ‘चांगले कुठे मिळते?’ असे विचारत फिरतो. त्याने विचारायला हवे ते ‘किती वाजता?’

युगांडाच्या या राजधानीत लोक फारसे पाहायला म्हणून येत नाहीत. एंटेबेच्या विमानतळावर उतरलेला पर्यटक ब्विंडीच्या जंगलात गोरिला पाहायला जातो, नाही तर जिंजाला नाईलच्या धारेत तराफ्यावर बसतो; कंपालाच्या वाट्याला त्याची एखादी रात्र येते. बुगांडा या इथल्या जुन्या राज्याच्या राजांच्या कासुबी येथील समाध्या सोडल्या तर मुद्दाम दाखवण्यासारखे इथे थोडेच. टेकड्यांवर पसरलेली वस्ती, मधल्या सखल भागात तुंबणारे पाणी, लाल धूळ, ‘बोडा बोडा’ म्हटल्या जाणाऱ्या मोटारसायकलींचे थवे आणि कचऱ्याच्या ढिगांवर म्हाताऱ्या कारकुनासारखे पोक काढून उभे असलेले मराबू करकोचे, हे शहराचे नेहमीचे रूप. स्वयंसेवक मात्र इथे पूर्वीपासून येत आहेत. अमेरिकेच्या पीस कोअरचे पहिले स्वयंसेवक १९६४ साली युगांडात आले, आणि मधले खंड वगळता तो ओघ चालू राहिला. अशा संस्था देतात तो भत्ता साधारण स्थानिक राहणीच्या बेताचा असतो. त्यामुळे हॉटेलात रोज जेवणे परवडत नाही आणि सहकारी जिथे खातात तिथेच खावे लागते. हा नाइलाज फायद्याचा ठरतो, कारण कंपालाचे चांगले खाणे बहुतांशी रस्त्यावरच आहे.

वेळेचा हिशोब इथे थोडा निराळा आहे. कंपाला विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्याने वर्षभर सूर्य सकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान उगवतो आणि संध्याकाळी त्याच सुमारास मावळतो. लुगांडा भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सावा एमू’, पहिला तास. आठ म्हणजे दुसरा. इंग्रजीत बोलताना हीच माणसे नेहमीच्या घड्याळाप्रमाणे बोलतात. शेगडीवाली बाई लुगांडात ‘दोनला ये’ म्हणाली आणि ऐकणारा दुपारी दोनला गेला, तर सहा तासांचा फरक पडतो आणि पातेले धुऊन झालेले असते.

त्या पातेल्यात असतो काटोगो. मातोके ही शिजवून खायची हिरवी केळी या भागाचे मुख्य अन्न. माणशी केळी खाण्यात युगांडाचा क्रमांक जगात अगदी वरचा लागतो. केळी सोलताना निघणारा चीक हाताला आणि सुरीला काळा डाग पाडतो, म्हणून सोलणाऱ्या बायका हाताला तेल चोळून घेतात. ही कामे पहाटे अंधारातच सुरू होतात. सोललेली केळी अख्खी किंवा दोन तुकडे करून कांदा, टोमॅटो आणि मिठाच्या पाण्यात घालतात, आणि त्याच पातेल्यात दुसरा जिन्नस शिजतो: कधी घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची उसळ, कधी शेंगदाण्याचे वाटण, कधी जनावराची आतडी आणि कोथळा. शेवटचा प्रकार सर्वांत लोकप्रिय आहे. केळे शिजून बटाट्यासारखे मऊ पडते, पण त्याचा आकार मोडत नाही, आणि रसाला त्याच्या पिठूळपणाने दाटी येते. रात्रपाळी संपवून निघालेले पहारेकरी, बांधकामावर चाललेले मजूर आणि बोडावाले हे याचे मुख्य गिऱ्हाईक. अकरा-बारापर्यंत पुन्हा भूक लागू नये हा त्यांचा हेतू असतो. मांस न खाणाऱ्याने ‘उसळीचा’ असे आधीच सांगावे. वाढून झाल्यावर निवडून काढण्याची सोय या पदार्थात नाही.

ज्याला सकाळी इतके जड नको त्याच्यासाठी चहा असतो. दूध, चहापत्ती आणि आले एकत्र उकळून केलेल्या चहाला इथे ‘आफ्रिकन टी’ म्हणतात. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला त्यात आफ्रिकन असे काही सापडत नाही. सोबत तेलात तळलेले फुगीर मांडाझी किंवा कबालागाला. दुसरा पदार्थ अधिक चांगला: बारीक गोड केळी कुस्करून त्यात कसाव्याचे पीठ मळतात, जाडसर चकत्या कापतात आणि तळतात. त्यात साखर घालावी लागत नाही.

सकाळीच आणखी एक काम सुरू होते, आणि त्यावर शहराचा उरलेला दिवस चालतो. ते म्हणजे चपात्या लाटणे.

चपाती युगांडात भारतातून आली. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे बांधण्यासाठी ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ या काळात भारतातून सुमारे ३२,००० करारबद्ध मजूर नेले, त्यांतले बहुतेक पंजाबी. अडीच हजारांच्या आसपास मजूर त्या कामावर मेले, बरेचसे परतले, काही हजार तिथेच राहिले. त्यांच्या मागोमाग गुजराती व्यापारी आत सरकले. कच्छच्या अल्लिदिना विश्राम यांच्या दुकानांचे जाळे विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आफ्रिकेत दूरवर पसरले होते. रेल्वे प्रत्यक्ष कंपालापर्यंत पोचली ती १९३१ साली. पुढे ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, आणि हजारो कुटुंबे दुकाने, घरे, कारखाने टाकून निघून गेली. चपाती मात्र तोवर कोणाची म्हणून राहिली नव्हती. आज कंपालात ती लाटणारे हात जवळजवळ सगळे युगांडातल्या तरुणांचे आहेत, त्यांतले पुष्कळजण पूर्वेकडच्या बुसोगा भागातून आलेले. ती आपली आहे की बाहेरची, हा प्रश्न तिथे कोणी काढत नाही.

मराठी घरातल्या पोळीशी तिचे नाते नावापुरते आहे. पीठ गव्हाचे पण पांढरे, मैद्याच्या जवळचे. त्यात मीठ, पाणी आणि बरेच तेल घालून सैलसर मळतात, काही जण किसलेले गाजर किंवा कांदाही घालतात. गोळा झाकून मुरू देतात. मग तो लाटून, वर तेल फासून, दोरीसारखा गुंडाळून त्याची चकली करतात आणि ती पुन्हा लाटतात. लाटणे नसेल तर काचेची बाटली चालते. जाड लोखंडी तव्यावर तेल सोडून भाजलेली ही चपाती पोळीपेक्षा जाड, पदरांची आणि चिवट होते. पोळीपेक्षा ती केरळच्या परोट्याला जवळची. हा चिवटपणा महत्त्वाचा आहे. पुढे तिच्यात ओले अंडे आणि भाजी गुंडाळायची असते, आणि आपली मऊ पोळी त्या ओझ्याने फाटली असती.

ती गुंडाळी म्हणजे रोलेक्स. घड्याळाच्या कंपनीशी तिचा काही संबंध नाही. रोलेक्स बुसोगाकडे जन्मला आणि कंपालात मकेरेरे विद्यापीठाच्या दाराशी असलेल्या वांडेगेया भागात विद्यार्थ्यांमुळे फोफावला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. १९२२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या वसतिगृहांतली मुले रात्री उशिरापर्यंत जागी असतात, त्यांच्याकडे पैसे कमी असतात आणि भूक मात्र पूर्ण असते. पदार्थाला याहून चांगली बाजारपेठ मिळणे अवघड. आता तो देशभर मिळतो. २०१६ साली कंपालात त्याच्या नावाने महोत्सव भरवला गेला, आणि २०२१ साली शहरालगतच्या कासोकोसो वस्तीत साठाहून अधिक माणसांनी मिळून २०४.६ किलो वजनाचा रोलेक्स केला. त्याला १,२०० अंडी आणि ७२ किलो पीठ लागले. गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

रोजचा रोलेक्स दोन अंड्यांचा असतो, आणि तो तयार होताना पाहणे हा त्याच्या चवीचा निम्मा भाग आहे. साहित्य थोडके: एक लाकडी मेज किंवा काचेची पेटी लावलेला गाडा, ‘सिगिरी’ नावाची कोळशाची शेगडी, मध्ये किंचित खोलगट असा जाड सपाट तवा, तेलाची बाटली (झाकणाला भोके पाडलेली), अंड्यांचा तीसचा ट्रे, आणि प्लास्टिकचा एक मग. चपात्या आधीच करून कापडाखाली किंवा प्लास्टिकखाली थप्पी लावलेली असते. गिऱ्हाईक ‘माजी अबिरी’, म्हणजे दोन अंडी, असे सांगते. पदार्थाची किंमत अंड्यांच्या संख्येवर ठरते, म्हणून मागणीही अंड्यांत करायची. त्याआधी मात्र ‘ओली ओत्या, सेबो’ अशी विचारपूस झाली पाहिजे. पुरुषाला ‘सेबो’, बाईला ‘न्याबो’. थेट मागणीने सुरुवात करणारा माणूस इथे उद्धट ठरतो, मग तो कितीही घाईत असो, आणि कंपालात परदेशी माणसेच तेवढी घाईत असतात.

विक्रेता अंडी मगात फोडतो. मग कांदा, टोमॅटो आणि कोबी घेतो. पाटा-फळी काही नाही. कोबीचा गड्डा डाव्या हातात, उजव्या हातातली सुरी बाहेरून आत, अंगठ्याच्या दिशेने, आणि तंतूंइतक्या बारीक पट्ट्या थेट मगात पडतात. कांद्यावर आधी उभ्या-आडव्या चिरा देऊन मग वरून काप काढला की तो आपोआप बारीक चिरलेला उतरतो. मीठ पडते. चमच्याने मग खडखडवत फेटण्याचा आवाज हीच दुकानाची जाहिरात. वांडेगेयात संध्याकाळी तो एकाच वेळी दहा ठिकाणांहून येतो.

तव्यावर तेल. ते पुरेसे तापले आहे की नाही हे विक्रेता मगातला एक थेंब टाकून पाहतो. नंतर सगळे मिश्रण एकदम ओतून मगाच्या बुडाने गोल पसरवतो, चपातीच्या आकाराएवढे, जास्त नाही. खालची बाजू धरली आणि वरची अजून ओली आहे अशा क्षणी चपाती वर ठेवून हाताने दाबायची असते. हेच सगळे कसब. लवकर ठेवली तर अंडे बाजूने वाहून जाते, उशिरा ठेवली तर ते चपातीला चिकटत नाही आणि गुंडाळताना वेगळे होते. चिकटलेले दोन्ही थर एकत्र उलटले की चपाती तव्यावर शेकते आणि अंडे वर येते. काही सेकंदांनी ते मेजावर ओढून त्यावर टोमॅटोच्या कच्च्या चकत्या आणि चिमूटभर मीठ, मग घट्ट गुंडाळी. ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात किंवा ‘कावेरा’ म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशवीत जाते. पातळ पिशव्यांवर युगांडा सरकारने पूर्वीच बंदी जाहीर केलेली आहे. रोलेक्सवाल्याकडे ती पोचलेली दिसत नाही.

मागणीपासून हातात पडेपर्यंत पाचेक मिनिटे लागतात. किंमत साधारण दीड ते अडीच हजार शिलिंग. आकडा दचकवणारा असला तरी रुपयांत ती पन्नाशीच्या आसपास किंवा खालीच राहते. फळे विकणारे परदेशी चेहरा पाहून भाव चढवतात, पण रोलेक्सचा भाव सहसा सर्वांना एकच असतो, कारण शेजारी उभे असलेले चार गिऱ्हाईक ऐकत असतात. दिवसभर कोणाला तरी मदत करणारा, शिकवणारा किंवा तपासणारा माणूस इथे फक्त रांगेत उभा असतो. पुष्कळ स्वयंसेवकांना या जागा आवडतात त्याचे एक कारण हे असावे. भारतीय चेहऱ्याकडे मात्र थोडे कुतूहलाने पाहिले जाते. ‘मुयिंदी’ म्हणजे दुकानाचा मालक अशी शहराची समजूत आहे, आणि मालक सहसा फुटपाथवर उभे राहून खाताना दिसत नाहीत.

उभ्याने खाणे चालते, चालत खाणे बरे दिसत नाही. रस्त्याने चावत जाणाऱ्या मोठ्या माणसाकडे जुन्या वळणाचे लोक नापसंतीने पाहतात. म्हणून रोलेक्स शेगडीजवळच संपवावा किंवा पिशवीत घालून घरी न्यावा. घरी नेलेला मात्र वाफेने ओलसर होतो.

या धंद्याला भांडवल थोडे लागते, म्हणूनच शहरात नुकता आलेला तरुण त्यात शिरू शकतो. पण त्याचा नफा त्याच्या हातात नसलेल्या गोष्टींवर लटकतो. गहू युगांडात फारच थोडा पिकतो; जवळजवळ सगळा आयात होतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू होऊन गहू आणि खाद्यतेल महागले तेव्हा कंपालातल्या चपातीवाल्यांपुढे दोनच वाटा होत्या: भाव वाढवणे किंवा चपाती लहान करणे. कोळशाचेही तसेच. तो मोठ्या प्रमाणावर उत्तरेकडच्या जिल्ह्यांतली झाडे तोडून येत असे, आणि मे २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तिथल्या व्यापारी कोळसाभट्ट्यांवर बंदी आली. शिवाय रस्ता विक्रेत्याच्या मालकीचा नाही. २०११ साली स्थापन झालेले राजधानीचे नगर प्राधिकरण फेरीवाल्यांना वेळोवेळी हटवते; जानेवारी २०२२ मधली मोहीम मोठी होती. पुणे-मुंबईत अतिक्रमणविरोधी गाडी आल्यावर जी पळापळ होते तीच इथेही, फक्त पेटलेली शेगडी उचलून पळणे हातगाडी ढकलण्यापेक्षा कठीण. वर्षानुवर्षे एकाच जागी दिसणारा रोलेक्सवाला एखाद्या आठवड्यात नाहीसा होतो आणि दोन गल्ल्या सोडून पुन्हा उगवतो.

दुपारचे जेवण रस्त्यावर कमी आणि आडोशाला जास्त असते. लाकडी फळ्यांच्या खोपटात एक बाई चार-पाच पातेली घेऊन बसते, आणि ताटात ‘फूड’ व ‘सॉस’ असे दोन भाग येतात. फूडमध्ये केळीच्या पानात वाफवून कुस्करलेले मातोके, भात, रताळे, कसावा आणि पोशो. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा. वसाहतकाळात तो शाळा, तुरुंग, लष्कर आणि मजुरांच्या छावण्यांतून पसरला, म्हणून बागांडा, म्हणजे बुगांडाच्या, लोकांत मातोकेइतका मान त्याला आजही नाही. शाळांमध्ये शिकवणाऱ्या स्वयंसेवकाच्या ताटात मात्र पोशो आणि उसळ रोज येते. सॉसमध्ये शाकाहारी माणसाची चंगळ आहे: शेंगदाण्याचा गुलाबीसर दाट रस, घेवड्याची उसळ, आणि डोडो, म्हणजे आपल्या माठाच्याच कुळातली पालेभाजी. शेंगदाण्याचा रस मातोकेवर घेतला तर पहिल्या घासाला मीठ कमी वाटते. तिखटही नसते. मिरची वेगळी मागावी लागते.

ज्यांना तेवढा वेळ किंवा पैसा नाही ते किकोमांडो खातात: चपातीचे तुकडे आणि त्यावर उसळ, पिशवीत किंवा प्लास्टिकच्या ताटलीत. हे कंगालांचे जेवण म्हणून थट्टेचा विषय आहे आणि त्याच कारणाने अभिमानाचाही. अंडे टाळणाऱ्याला तर किकोमांडो रोलेक्सपेक्षा सोयीचा, आणि उसळ पातेल्यात सतत उकळत असल्याने पोटालाही निर्धोक.

पोटाचा प्रश्न इथे टाळता येत नाही. नवे स्वयंसेवक धुराने माखलेली शेगडी पाहून बिचकतात आणि बाटलीतला थंडगार रस बिनदिक्कत पितात. धोका नेमका उलट्या बाजूला असतो. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत कंपालात विषमज्वराची मोठी साथ आली, संशयित रुग्ण दहा हजारांच्या वर गेले, आणि तपासात बोट गेले ते दूषित पिण्याच्या पाण्याकडे आणि रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पेयांकडे. अननस आणि आल्याचा मुनानान्सी, पॅशन फ्रूटचा रस ही पेये चवीला उत्तम आहेत, पण त्यांत पडणारे पाणी आणि बर्फ कुठला हे गाड्यावर कळत नाही. याउलट तापलेल्या तव्यावर डोळ्यांदेखत झालेला पदार्थ बहुधा त्रास देत नाही. रोलेक्सची कच्ची बाजू एकच, शेवटी घातलेल्या टोमॅटोच्या चकत्या. ‘टोमॅटो अंड्यातच घाला’ असे सांगितले की तीही मिटते, आणि विक्रेता त्याचे वाईट वाटून घेत नाही. गर्दीची शेगडी निवडावी हा सल्ला सगळीकडे देतात. कंपालात तो वेळेसकट द्यायला हवा: संध्याकाळी सात ते नऊ माल झपाट्याने खपतो आणि थप्पीतली चपाती तासाभराचीच असते, दुपारी तीनला तीच चपाती सकाळची असू शकते.

दुपार आणि संध्याकाळ यांच्या मधला वेळ टॅक्सी पार्कचा. चौदा आसनी पांढऱ्या व्हॅनना कंपालात टॅक्सी म्हणतात, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. जुन्या आणि नव्या पार्कांत अशा शेकडो व्हॅन एकमेकींना खेटून उभ्या असतात. वाट पाहणाऱ्या प्रवाशांच्या खिडक्यांशी भाजलेले शेंगदाणे, उकडलेली अंडी, पाण्याच्या बाटल्या, रुमाल, मोबाइलच्या तारा असे सगळे येत राहते. शहराबाहेर हाच व्यवहार वेग घेतो. जिंजाच्या रस्त्यावर नामावोज्जोलो येथे गाडी थांबताच काडीला टोचलेले भाजके मांस, कोंबडीच्या तंगड्या आणि भाजलेली गोन्जा केळी घेतलेले विक्रेते दोन्ही बाजूंनी खिडक्यांवर तुटून पडतात. सौदा अर्ध्या मिनिटात होतो. सुटे पैसे आधी हातात ठेवावेत, कारण गाडी सुरू झाल्यावर उरलेले पैसे घ्यायला कोणी थांबत नाही. इथे घ्यावी ती गोन्जा. मांस किती वेळ काडीवर आहे हे सांगता येत नाही, पण साल काढून निखाऱ्यावर भाजलेले पिकलेले केळे बाहेरून कडक, आतून गोड आणि पुरते शिजलेले असते.

अंधार पडला की शहराचा खरा बाजार मांडला जातो. कामावरून परतणाऱ्यांच्या वाटेवर, वस्त्यांच्या तोंडाशी, जमिनीवर पोती पसरून टोमॅटोचे ढीग लागतात आणि त्यांच्यामध्ये शेगड्या. वीज नाही तिथे ‘तादोबा’ हे पत्र्याच्या डब्याचे रॉकेलचे दिवे; हल्ली बॅटरीचे दिवेही दिसतात. भाजलेली कणसे मिळतात ती गोड मक्याची नसून शेतातल्या टणक मक्याची, चावायला जबडा लागतो. काचेच्या पेट्यांतून तळलेली तिलापिया असते, आणि तिच्यापेक्षा स्वस्त म्हणजे नाईल पर्चची डोकी व सांगाडे. १९५० च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवरात सोडलेल्या या अवाढव्य माशाचे जाड काप कारखान्यांतून परदेशी जातात आणि उरलेले इथे तळले जाते. सांगाड्याला चिकटून राहिलेले मांस बेताचेच, पण चवीत कमी नाही. मुचोमो म्हणजे भाजके मांस, बकऱ्याचे किंवा डुकराचे. त्यासोबत उकडलेला किंवा तळलेला कसावा, अॅव्होकॅडो आणि कांदा-टोमॅटोची कच्ची कोशिंबीर. वांडेगेयात याची दुकाने ओळीने आहेत. मुचोमोला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास, आणि सहकाऱ्यांच्या टोळक्याबरोबर गेले तर तो वेळच मुख्य कार्यक्रम असतो. एकट्या माणसाने रोलेक्सवर भागवावे.

एक पदार्थ मात्र दिवसाच्या वेळेवर चालत नाही. त्याला महिना लागतो. एप्रिल-मे आणि त्याहून जास्त नोव्हेंबरमध्ये, पावसाच्या सुमारास, न्सेनेने नावाचे लांब मिशांचे टोळ रात्री थव्यांनी उतरतात. बुगांडात नोव्हेंबर महिना त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांना पकडण्याची पद्धत मोठी नाट्यमय आहे: उघड्यावर किंवा गच्चीवर प्रखर दिवे लावतात, त्यांच्याभोवती नवे गुळगुळीत पत्रे तिरके उभे करून खाली पिंपे ठेवतात आणि ओले गवत जाळून धूर करतात. दिव्याकडे झेपावलेले, धुराने गांगरलेले टोळ पत्र्यावर आपटून घसरत पिंपात पडतात. मसाका हे शहर या धंद्याचा बालेकिल्ला. पहाटे पोती कंपालात येतात, बायका आणि मुले पंख, पाय व मिशा खुडत बसतात. खुडलेल्यांचा भाव अर्थातच जास्त. कढईत तेल घालावे लागत नाही. टोळांच्या अंगचीच चरबी सुटते, त्यात कांदा आणि मीठ घालून ते कुरकुरीत होईपर्यंत परततात आणि पेल्याच्या मापाने विकतात.

बागांडांच्या कुळांमध्ये न्सेनेने नावाचे एक कूळ आहे. टोळ हे त्याचे कुलचिन्ह, आणि कुलचिन्ह खायचे नसते. म्हणून कचेरीत पेला फिरवताना एखादा सहकारी हात मागे घेतो तेव्हा त्याला आग्रह करू नये. बाकीच्यांच्या उत्साहाला सीमा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एंटेबेहून दुबईला निघालेल्या युगांडा एअरलाइन्सच्या विमानात एक प्रवासी पिशवीतून न्सेनेने विकू लागला आणि बाकीचे प्रवासी पैसे पुढे करू लागले. चित्रफीत पसरल्यावर कंपनी आधी रागावली, मग हा पदार्थ विमानातल्या खाण्यात घेण्याचा विचार करू म्हणाली.

नवख्याने न्सेनेने गरम असताना, कढईतूनच घ्यावेत; गार झालेले मऊ पडतात आणि त्यांना खवट वास येऊ लागतो. ज्याला कोळंबी किंवा खेकडा सोसत नाही, अंगावर पित्त उठते, त्याने ते चाखूही नयेत, कारण त्रास देणारी प्रथिने कोळंबी-खेकड्यांत आणि टोळांत सारखी असतात.